चर, पाईप आणि पाणी: ऑफलीतल्या एका बॉगवरच्या नोंदी (२०२४)

२८ जानेवारी, रविवार

जागा फायनल झाली. आयर्लंडच्या मधोमध ऑफली काउंटी आहे, तिथे क्लारा गावापासून फार लांब नाही असा एका खासगी बॉगचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी (पीटने) बनलेल्या दलदलीचा, कडेचा तुकडा. मालक राजी आहे. जुने चर बांध घालून अडवायचं काम आमचा ग्रुप करणार आणि पाणी मोजायचं खातं माझ्या गळ्यात पडलंय, कारण मी सेन्सरच्या फील्डमधला. नोंदी मराठीत ठेवतोय कारण अॅथलोन-टलमोर भागातली आपली काही मंडळी यायचं म्हणतायत आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसायला नको.

तर आधी भूगोल. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी हिमयुग संपलं, बर्फ हटला, तेव्हा या सपाट प्रदेशात ठिकठिकाणी उथळ तळी राहिली, तळाशी बर्फाने आणून टाकलेली चिकण माती, त्यामुळे पाणी मुरायला वावच नाही. काठाने बोरू-लव्हाळे वाढले, मेले, पाण्यात पडले, पाण्याखाली ऑक्सिजन नसल्याने धड कुजलेच नाहीत, थरावर थर चढत गेले आणि तळं भरून गेलं. मग स्फॅग्नम नावाचं शेवाळ आलं आणि त्याने सगळा कारभारच ताब्यात घेतला. हे शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवतं, वर आजूबाजूचं पाणी आंबट करतं, म्हणजे दुसरं फारसं काही उगवत नाही आणि मेलेलं सडत नाही. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर अशा वेगाने पीट साचतं आणि साचत साचत मधोमध चक्क फुगवटा येतो, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा काही मीटर उंच, म्हणून हा रेझ्ड बॉग. त्या उंचीवर झरा, ओढा, भूजल काही पोचत नाही, जे काय पाणी आणि खाद्य मिळायचं ते पावसातूनच. पश्चिमेला मेयो-गॉलवेकडे दुसरा प्रकार आहे, ब्लँकेट बॉग, तो डोंगरउतारावरसुद्धा पसरतो.

"तिकडे पाऊस फार म्हणून असेल ना" असं घरचे विचारतात. पाऊस इकडे वर्षाला साधारण ८०० ते १००० मिलिमीटर, पुण्यापेक्षा थोडाच जास्त, आणि महाबळेश्वरात तर साडेपाच-सहा हजार पडतो. पण आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि पुढे आठ महिने जमीन वाळते, त्यात जे काय मेलं असेल ते कुजून मोकळं होतं. इकडे वर्षातले दीडशे ते सव्वादोनशे दिवस भिजट, ऊन नावापुरतं, बाष्पीभवन कमी. एकूण किती पडला याला फारसा अर्थ नाही, वरचा थर वर्षभर ओला राहिला की नाही एवढाच प्रश्न आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज कोअर काढला. रशियन कोअरर म्हणतात त्याला, लांब दांड्याच्या टोकाला अर्धा मीटर लांबीची अर्धगोल पन्हळ, ती बंद अवस्थेत खाली दाबायची, मग दांडा फिरवला की तेवढ्या खोलीचं पीट आत कापून बंद होतं. दांड्याला दांडा जोडत जायचं. वर ओढताना दोघांची कंबर मोडते.

वरचा अर्धा मीटर पिवळट तपकिरी, स्पंजासारखा, शेवाळाची पानं भिंगाशिवाय ओळखू येतात. खाली गडद होत जातं, चॉकलेटी, मग जवळपास काळं, मध्येच हेदर नावाच्या झुडपाच्या काटक्या आणि एका ठिकाणी बर्चची साल, अजून चंदेरी, नखाने सोलता आली, ती किती हजार वर्षांची असेल हे कळल्यावर सगळेच जरा गप्प. अजून खाली बोरूच्या चपट्या झालेल्या पात्या, त्यानंतर पांढरट चुनखडी गाळ आणि त्यात बारके शंख, म्हणजे आपण जुन्या तळ्याच्या तळाला पोचलो. शेवटी निळसर राखाडी चिकण माती, तिच्यापुढे दांडा जाईना.

एका मीटरला ढोबळमानाने हजार वर्षं धरायची. परागकण या थरांत टिकतात, त्यावरून कुठल्या काळात एल्मची झाडं कमी झाली, शेती कधी आली हे काढता येतं, आणि आइसलंडच्या हेक्ला ज्वालामुखीची राखसुद्धा आयर्लंडच्या बॉगमध्ये सापडलेली आहे, डोळ्याला दिसत नाही पण मायक्रोस्कोपखाली काचेचे कण दिसतात. आपल्याकडे निलगिरीत उटीच्या बाजूला दोन हजार मीटरच्या वर खोलगट जागांत असंच पीट आहे, त्यातल्या कार्बनवरून गेल्या २० हजार वर्षांत गवताळ माळ आणि जंगल कसे मागेपुढे झाले हे भारतीय शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडलं होतं. हे मला इकडे आल्यावर कळलं. शाळेच्या भूगोलात पीट म्हणजे कोळशाचा हलका प्रकार, एका ओळीत विषय संपला.

११ फेब्रुवारी, रविवार

पाईप बसवले. साधा प्लंबिंगचा पीव्हीसी, त्याला ड्रिलने भोकं, वरून जाळीदार कापड म्हणजे चिखल आत येत नाही, आणि बॉगमध्ये उभा खुपसायचा. आत जे पाणी दिसतं तीच त्या जागेची पातळी. एक रांग चराला काटकोनात, चराजवळ पाईप दाटीने आणि आत जाताना अंतर वाढवत, कारण चराचा परिणाम कुठपर्यंत पोचतो तेच बघायचंय.

इथे एक भानगड आहे जी वाचून लक्षात आली नसती. बॉगची जमीन स्थिर नसते. हिवाळ्यात पाणी पिऊन वर येते, उन्हाळ्यात खाली बसते, काही सेंटिमीटर सहज. मग पाईपही तिच्याबरोबर वर-खाली. म्हणून शेजारी एक लोखंडी सळई थेट खालच्या चिकण मातीत ठोकायची, ती हलत नाही, आणि दर वेळी तिच्यापासून जमिनीचं आणि पाण्याचं अंतर वेगवेगळं लिहायचं. नाहीतर पाणी खरंच खाली गेलं की जमीनच खाली बसली, पत्ताच लागायचा नाही.

एवढा उपद्व्याप कशासाठी, तर चांगल्या बॉगमध्ये पाणी बहुतेक वर्षभर पृष्ठभागापासून दहाएक सेंटिमीटरच्या आत पाहिजे. चर खोदला की पाणी उतरतं, हवा आत शिरते, आणि हजारो वर्षं न कुजलेला माल कुजायला लागतो, तो सगळा कार्बन डायऑक्साइड होऊन वर. २०२१ मध्ये नेचरमध्ये आलेल्या एका अभ्यासात हिशोब असा आहे की निचरा झालेल्या पीटमध्ये पाणी दर १० सेंमी वर आणलं तर हेक्टरी वर्षाला निदान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम वाचतो. पातळी ३० सेंमीच्या आत आली की मिथेन सुटायला लागतो आणि हिशोब जरा गुंतागुंतीचा होतो. पण मिथेन वातावरणात साधारण बारा वर्षं टिकतो आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं, त्यामुळे लांबच्या पल्ल्यात ओलं केलेलंच परवडतं. जगाच्या जमिनीपैकी पीटची जमीन फक्त ३ टक्के, पण मातीतल्या एकूण कार्बनपैकी जवळपास एक तृतीयांश तिच्यात, सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून आहे त्याच्या दुप्पट. झाडं लावायच्या मोहिमा सगळ्यांना फोटोसाठी आवडतात. चर बुजवतानाचा फोटो कोण टाकणार, नुसता चिखल दिसतो.

२ मार्च, शनिवार

पाऊस आणि गारठा, साइटवर जायचं रद्द, म्हणून डब्लिनला किल्डेअर स्ट्रीटच्या नॅशनल म्युझियममध्ये. प्रवेश फुकट, नवीन येणाऱ्यांनी आधी हे बघा आणि मग बॉगवर या.

ओल्ड क्रोहन मॅन, २००३ मध्ये ऑफलीतच, क्रोहन टेकडीच्या पायथ्याशी चर साफ करताना सापडला. इसवी सनापूर्वीचा, चौथ्या ते दुसऱ्या शतकातला. डोकं नाही, कमरेखालचा भाग नाही, पण हात असे शाबूत आहेत की नखं नीट कापलेली दिसतात आणि कष्टाचं काम न केलेला माणूस असावा असं त्यावरून म्हणतात. बोटांच्या टोकांच्या रेषा दिसतात. मी त्या हाताकडे बराच वेळ बघत होतो, आणि शेजारी एक लहान मुलगी आईला विचारत होती याला दुखलं का. त्याच वर्षी मीथमध्ये पीट काढायच्या मशीनमधून क्लोनीकॅव्हन मॅन निघाला, त्याच्या केसांना लावलेली राळ फ्रान्स किंवा स्पेनमधून आलेली. दोघांनाही मारून बॉगमध्ये टाकलेलं, आणि अशी प्रेतं जुन्या राज्यांच्या हद्दींवर सापडतात म्हणून राज्याभिषेकाशी संबंधित नरबळी असावेत असा म्युझियमच्या अभ्यासकांचा तर्क आहे.

लोणी पण ठेवलंय. लाकडी भांड्यात भरून बॉगमध्ये पुरलेलं, थंडावा आणि ऑक्सिजन नाही म्हणून टिकलेलं.

लाँगफर्डमधल्या कोर्लियाचा लाकडी रस्ता मला जास्त आवडतो खरं तर. ओकच्या फळ्या टाकून बॉग ओलांडायला केलेला, झाडाच्या वाढीच्या कड्यांवरून वर्ष अगदी नेमकं कळलंय, इसवी सनपूर्व १४८. १९८४ मध्ये पीट काढताना उघडा पडला. एवढा अवजड रस्ता दहाएक वर्षांतच स्वतःच्या वजनाने खाली गेला असं म्हणतात, आणि बुडाला म्हणूनच राहिला. त्यातला १८ मीटरचा तुकडा जागच्या जागी ओला ठेवून वर इमारत बांधलीय. चर खोदला तर हेही सगळं कुजणार, कार्बनचं बाजूला ठेवा.

७ एप्रिल, रविवार

काल कॅथलीन वादळ. आज डेटा उतरवला तर आलेख नुसता वेडावाकडा, पाईपांत सोडलेल्या चार सेन्सरमध्ये एकदम पाणी उतरल्यासारखं दिसतंय आणि तेही ऐन पावसात.

कारण साधं आहे, सेन्सर प्रेशर मोजतो, आणि त्याच्या डोक्यावर पाण्याबरोबर हवाही आहे. एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर पाणी. वादळात हवेचा दाब तीस-चाळीस हेक्टोपास्कलने सहज हलतो, म्हणजे तीस-चाळीस सेंटिमीटरचा खोटा चढउतार, आणि आपल्याला शोधायचाय दहा सेंटिमीटरचा फरक! म्हणून झाडाला टांगलेला एक सेन्सर फक्त हवेसाठी ठेवलाय. त्याचं रीडिंग प्रत्येक वेळेला वजा केलं की आलेख शांत होतो. वजा केल्यावर वादळाच्या पावसाने खरी पातळी फक्त दोन बोटं वर आलेली दिसली, आणि चराजवळच्या पाईपांत तर तीही रात्रीत उतरली. चराला वाहून न्यायला तेवढा वेळ पुरतो.

१९ मे, रविवार

शेजारच्या पट्ट्यात टर्फ, म्हणजे जाळायचं पीट, कापणं चालू झालं. आता बहुतेक जण ट्रॅक्टरला लावलेल्या मशीनने काढतात, पण शेजारचे आजोबा हौसेने थोडं श्लानने कापून दाखवतात, श्लान म्हणजे बाजूला पंख असलेलं अरुंद फावडं, एका दाबात विटेएवढा ओला तुकडा सुटतो. मग ते तुकडे पसरायचे, जरा वाळले की चार-पाच एकमेकांना टेकवून उभे करायचे, आत वारा खेळला पाहिजे. सगळं शिवार बघून मला थेट गावाकडच्या गोवऱ्याच आठवल्या, आणि जळतानाचा वाससुद्धा तसा घरचा वाटतो.

आजोबा म्हणाले, "तुम्ही पोरं पाणी अडवताय ते ठीक आहे, पण माझ्या पट्ट्यात पाणी शिरलं तर मी कुठे जाऊ?" मी म्हटलं, "तुमच्या बाजूची पातळी आम्ही आधीच मोजून ठेवलीय, वाढली तर तुम्हाला दाखवू." त्यावर त्यांनी चहा पाजला पण शब्द दिला नाही.

या लोकांचा राग समजून घेतला पाहिजे. आयर्लंडमध्ये कोळसा फारसा नाही, जंगलं शतकानुशतकं तोडून संपलेली, गरिबाच्या घरात ऊब होती ती टर्फचीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधून कोळसा येईना तेव्हा डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये टर्फचे डोंगर रचलेले. १९४६ मध्ये बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी झाली, चर खोदून बॉग सुकवायचे, वरचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा थर मशीनने खरवडायचा, वाळवायचा, छोट्या रेल्वेने वीजकेंद्रावर. १९५० मध्ये पोर्टार्लिंग्टनला पीटवरचं वीजकेंद्र आलं आणि या काउंट्यांमधून इंग्लंडला जाणारी तरुण पोरं नोकरीला लागून घरी राहिली. शॅननब्रिज आणि लेन्सबरोची केंद्रं डिसेंबर २०२० मध्ये बंद, जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि आता तीच कंपनी ३३ हजार हेक्टर बॉग परत ओला करायच्या कामावर आहे, त्यातले काही ड्रायव्हर तेच.

घरगुती कापण्याचं वेगळं. २०११ मध्ये युरोपियन कायद्याखालच्या ५३ संरक्षित रेझ्ड बॉगवर कापणं थांबवलं, भरपाई वर्षाला १५०० युरो, १५ वर्षं. काही जणांनी घेतली, काही जण तरी कापायला गेले, पोलीस आले, मोठा तमाशा. ऑक्टोबर २०२२ पासून टर्फ दुकानात, ऑनलाइन किंवा जाहिरात देऊन विकता येत नाही, स्वतःपुरतं कापता येतं. माझं मत विचाराल तर आजोबांच्या एका ट्रेलरपेक्षा कुंड्यांसाठी कंटेनर भरून जाणाऱ्या पीटची काळजी आधी करायला हवी, पण भांडण सोपं कुणाशी करता येतं ते उघड आहे.

१८ जून, मंगळवार

काल युरोपियन युनियनचा निसर्ग पुनर्स्थापना कायदा मंत्रिपरिषदेत पास झाला, काठावर. शेतीसाठी सुकवलेल्या पीट जमिनींपैकी ३० टक्के २०३० पर्यंत सुधारायच्या, त्यातल्या किमान चौथ्या भागात पाणी परत आणायचं. शेतकऱ्यावर सक्ती नाही. ग्रुपवर दिवसभर पार्टी आणि शिव्या दोन्ही.

२८ जुलै, रविवार

पाणी उतरलंय. आत मधल्या भागात अजून वीतभर खोलीवर आहे, चराजवळचे दोन पाईप मात्र पार कोरडे, बॅटरी काढून ठेवल्या.

मधल्या भागात ड्रॉसेरा भरपूर. करंगळीच्या नखाएवढी गोल पानं, त्यावर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, एका पानावर डास अडकलेला, केस त्याच्याकडे वळायला लागलेले. डबक्यांत युट्रिक्युलेरिया. कासच्या पठारावर गेलेल्यांनी याच घराण्यातले दवबिंदू आणि सीतेची आसवं बघितलेले आहेत. तिकडे जांभ्यावर पातळ माती, पावसात सगळं धुऊन जातं, इकडे फक्त पावसावर जगणारा आंबट बॉग, दोन्हीकडे नायट्रोजनचा दुष्काळ, म्हणून दोन्हीकडे किडे खाणाऱ्या वनस्पती. कास ऑक्टोबरनंतर वाळून खडखडीत होतं म्हणून तिथे पीट होत नाही.

याच महिन्यात उत्तर स्कॉटलंडच्या फ्लो कंट्रीला युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला. १९८० च्या दशकात तिथे करसवलतीसाठी श्रीमंत लोकांनी बॉगवर पाइनजातीची झाडं लावली होती, चर खोदून. १९८८ मध्ये सवलत बंद झाली आणि आता ती झाडं तोडून चर बुजवतायत. बॉग वाचवायला झाडं तोडायची, हे घरच्यांना पटवायला मला अर्धा तास लागला.

कुंड्यांच्या पीटचं अर्धवट राहिलं होतं. नर्सऱ्या आणि मशरूमवाले अजून त्यावरच आहेत, आणि २०२१ मध्ये तर लाटव्हियाहून जहाज भरून पीट ड्रोहेडा बंदरात आलं, म्हणजे आपला बॉग वाचला आणि त्यांचा गेला. इथल्या दुकानात कोकोपीटच्या विटा मिळतात, बहुतेक भारत-श्रीलंकेच्या नारळाच्या काथ्याचा भुसा. मी तेच वापरतो.

१४ सप्टेंबर, शनिवार

पक्ष्यांचा विणीचा हंगाम संपेपर्यंत थांबलो होतो. कर्ल्यूची इथे फार वाईट अवस्था आहे, १९८० च्या दशकापासून विणीच्या जोड्या ९८ टक्क्यांनी घटल्या. हाच पक्षी हिवाळ्यात आपल्या कोकणच्या खाड्यांवर दिसतो, तो आशियाकडून येणारा, तरी ओळख पटते.

पोकलेन आला, रुंद पट्ट्यांचा, म्हणजे चिखलात रुतत नाही. ड्रायव्हर पूर्वी चर खोदायच्या कामावर होता आणि हाताला इतका साफ की बघत बसावं. वरची शेवाळ-हेदरची कातडी अलगद बाजूला, खालचं घट्ट काळं पीट उचलून चरात, बकेटने ठोकून ठोकून, दोन्ही काठांपेक्षा उंच, मग ती कातडी परत वर पांघरायची. वाळकं पीट वापरायचं नाही, ते पाणी धरत नाही. चराच्या तळाचा उतार दर १० सेंमी उतरला की एक बांध, म्हणजे प्रत्येक बांधाचं पाणी मागच्या बांधाच्या पायाला टेकतं. अरुंद चरांना प्लास्टिकच्या शीट ठोकल्या.

क्लारा बॉगची गोष्ट ड्रायव्हरनेच जेवणाच्या सुट्टीत काढली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या पूर्व भागात पीट काढण्यासाठी चर खोदून झालेले, मग विरोध झाला आणि १९८७ मध्ये तो राखीव झाला. त्या लढ्यात डच लोक पुढे होते, त्यांच्या देशातले बॉग संपलेलेच होते, त्यांनी वर्गणी काढून आयर्लंडमधल्या तीन पाणथळ जागा विकत घेतल्या आणि त्याच वर्षी आयरिश सरकारला देऊन टाकल्या. एकेकाळी या देशात तीन लाख हेक्टरच्या वर रेझ्ड बॉग होता, त्यातला अजून वाढणारा, जिवंत म्हणावा असा भाग एक टक्कासुद्धा नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

दोन महिन्यांचा डेटा. चराजवळचे कोरडे पाईप भरले, आतल्या पाईपांच्या पातळीला आले, आणि मुख्य म्हणजे पाऊस थांबल्यावर रात्रीत उतरणारं पाणी आता आठवडाभर जागेवर राहतंय. जमीनसुद्धा सळईच्या खुणेपेक्षा वर आलीय. बांधांमागच्या पाण्यात हिरवं स्फॅग्नम तरंगताना दिसतंय, ते वाऱ्या-पाण्याने आपोआप आलेलं. अर्थात हिवाळ्यात पातळी चढतेच, खरा निकाल पुढच्या जुलैत.

आजोबांच्या हद्दीकडची रांग मात्र हलली नाही. तिथलं पाणी त्यांच्या चरातून निघून जातंय, आम्ही आमच्या बाजूने कितीही बांध घातले तरी. त्यांच्या पट्ट्याचे आकडे छापून घेऊन गेलो होतो, वाढ शून्य, चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली त्यांनी. मग म्हणाले वरच्या टोकाला एक बांध घाला, पण त्याच्या खालचा चर उघडा राहिला पाहिजे, आणि टर्फ सुकवायची जागा ओली झाली तर स्वतः येऊन फोडीन. त्या टोकाला उतार किती आहे हे कुणालाच माहीत नाही, पुढच्या शनिवारी लेव्हल मशीन घेऊन मोजायचं. येणाऱ्यांनी गुडघ्यापर्यंतचे बूट आणा, मागच्या वेळसारखे स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत.